दावणीला बांधलेली फी

माझ्या मुलीच्या शिक्षणासाठी मी केलेल्या बचतीनं मला आजवर दोनदा लाथ मारली आहे. एकदा उजव्या मांडीवर, आणि एकदा भर मांडवात. दुसरी कुठे बसली ते मी सांगत नाही, पण त्यानंतर आठ दिवस मी उभ्यानं जेवत होतो.

लोकांची बचत बँकेत असते, पोस्टात असते, गेलाबाजार डाळीच्या डब्यात असते. माझी बचत गोठ्यात उभी होती, रोज हरभरा खात होती आणि दाराशी कुणी आलं की कान मागे टाकून बघत होती. हे कसं झालं ते पहिल्यापासून सांगतो, कारण मधूनच सांगितलं की लोक मला वेडा समजतात. (पहिल्यापासून सांगितलं तरी समजतात, पण निदान खात्रीनं समजतात.)

मी ब्राह्मणपुरीचा. गावात सगळे मला अप्पा म्हणतात. शेती आहे, पपई आणि केळी लावतो. स्वभावाचं म्हणाल तर एकदा ठरवलं की ठरवलं. ठरवलेलं चुकीचं निघालं तरी मी ते अर्ध्यावर सोडत नाही. चुकीचं काम अर्धवट ठेवणं मला पटत नाही.

आमची एकुलती एक मुलगी हर्षदा. बोलायला लागली त्या दिवसापासून ती वाद घालते. लहानपणी सुनंदा, म्हणजे माझी बायको, तिला म्हणायची की दूध पी, शक्ती येते. त्यावर ही विचारायची की मग म्हैस स्वतःचं दूध का पीत नाही. शहाद्याच्या कॉलेजात अकरावीला गेली आणि तिनं जाहीर केलं की बारावीनंतर नाशिकला जाऊन पाच वर्षांचा वकिलीचा कोर्स करणार. मला आनंद झाला. हिचं बोलणं आम्ही पंधरा वर्षं फुकट ऐकतोय, आता लोक पैसे देऊन ऐकतील. फक्त त्याआधी आम्हाला पैसे द्यावे लागणार होते, फीचे आणि होस्टेलचे, आणि ते थोडेथोडके नव्हते.

त्या वर्षी पपईला कधी नव्हे तो भाव आला. व्यापाऱ्यानं रोख पैसे दिले. सुनंदानं ते पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून माझ्या हातात दिले आणि सांगितलं की शहाद्याला बँकेत जायचं, हर्षदाच्या नावानं दीड वर्षाची फिक्स करायची आणि पावती आणायची. तीनच कामं होती. बँकेत गेलो तर ही मोठी लाइन. तेव्हा मार्गशीर्ष चालू होता आणि सारंगखेड्याला दत्ताची यात्रा भरलेली होती. मी म्हटलं, लाइन कमी होईपर्यंत सारंगखेड्याला जाऊन एक चहा पिऊन येऊ. (चहा शहाद्यातही मिळतो, हे सुनंदानं मला पुढे बऱ्याचदा सांगितलं.)

आता सारंगखेड्याची यात्रा म्हणजे घोड्यांचा बाजार. तापीकाठी जिकडे बघाल तिकडे घोडे. आमच्याकडच्या माणसाला घोडा लागत नाही, शेताला तर अजिबात लागत नाही, पण त्या बाजारात उभा राहिला की प्रत्येकाला वाटतं, आपल्याला घोड्यातलं कळतं. मला जरा जास्तच वाटलं. चहाच्या टपरीवर एकजण सांगत होता की त्यानं दोन वर्षांपूर्वी एक शिंगरू घेतलं होतं, ते आज तिप्पट किमतीला गेलं. मी पिशवीकडे बघितलं. बँकेत हे पैसे दीड वर्ष झोपून राहणार, आणि इथे पैसे पळतायत! मी तिथेच ठरवलं. आणि मी एकदा ठरवलं की काय होतं ते वर सांगितलंच आहे.

घोडी मीच निवडली. दोन वर्षांची, तांबूस, चारही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. शिवाय गळ्यावर केसांचा एक सुरेख भोवरा. त्याला देवमण म्हणतात. देवमण असलेली घोडी ज्याच्या दाराशी त्याच्या घरात लक्ष्मी, असं लहानपणापासून ऐकलेलं. मी मान उचलून उचलून तो देवमण बघितला, चारचौघांना दाखवला. बाकीची घोडी बघायची राहून गेली.

सौदा उपरण्याखाली झाला. जुन्या पद्धतीनं विकणारा आणि घेणारा कापडाखाली एकमेकांची बोटं धरतात आणि बोटांनीच भाव सांगतात, म्हणजे बघणाऱ्याला कळत नाही. मलाही कळत नव्हतं. पण इतका वेळ घोड्यातलं कळतं म्हणून सांगितल्यावर आता बोटातलं कळत नाही असं कोणत्या तोंडानं सांगणार? त्यानं माझी दोन बोटं दाबली, मी गंभीर चेहऱ्यानं मान हलवली. त्यानं तिसरं दाबलं, मी हसलो. मग मी उगाच त्याचा अंगठा दाबला आणि तो एकदम उठून माझ्या गळ्यात पडला. पिशवीतले पैसे बरोबर संपले. पिकअपच्या भाड्याला वरच्या खिशातले लागले.

घरी सुनंदा ओट्यावर उभी होती. मी पिकअपमधून उतरलो, मागून घोडी उतरली.

"पावती कोठे शे?" सुनंदानं विचारलं.

मी दोरी पुढे केली. "हाई पावती."

ती घोडीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग परत घोडीकडे. वातावरण हलकं करावं म्हणून मी घोडीच्या पाठीवर थाप मारली आणि त्याच वेळी मला पहिली लाथ बसली. मांडी धरून मी खाली बसलो. सुनंदा आत गेली, पाणी घेऊन आली आणि ते घोडीला पाजलं. त्या दिवशी ती एवढंच बोलली, "पपईना पैसा पोरना शिक्षणना व्हतात." मी तिला शब्द दिला की हर्षदाची फी हीच घोडी भरेल, दुसऱ्या कुणाच्या एका रुपयाला हात लावणार नाही, तिच्या दुधाच्या पैशाला तर नाहीच. सुनंदाच्या दोन म्हशी आहेत, दूध डेअरीला जातं. शब्द मी कळवळून दिला होता, मांडीही दुखत होती.

संध्याकाळी हर्षदा कॉलेजातून आली. तिनं सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली आणि घोडीचं नाव ठेवलं, एफडी. मी राणी ठेवणार होतो, पण दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी गल्ली विचारायला लागली, "अप्पा, एफडी काय म्हनस?" मग राणी राहूनच गेलं.

पुढचं वर्ष मी फार कष्टांत काढलं. बँकेतली एफडी खात नाही, हा तिचा मोठाच गुण मला तोपर्यंत लक्षात आला नव्हता. आमची सकाळी हरभरा खायची, दुपारी कोंडा, संध्याकाळी गूळ घातलेली बाजरी. थंडीत तेल, उन्हाळ्यात ताक. बघायला येणारे लोक वेगळेच. पंचक्रोशीतला ज्याला काम नाही तो घोडी बघायला यायचा, आणि घोडी बघायला आलेल्याला चहा न देता कसं पाठवणार? सुनंदा चहा ठेवायची आणि कपबशा अशा आपटायची की पाहुणा दुसऱ्या कपाचं नाव काढत नसे. केळीला पाणी द्यायचं सोडून मी घोडीला खरारा करत होतो. माझ्या तोंडी एकच वाक्य असायचं: यात्रा येऊ द्या.

यात्रेला महिना राहिला तेव्हा मी शहाद्याहून यासीनचाचांना बोलावलं. चाचा नालबंद. त्यांच्या तीन पिढ्या घोड्यांना नाल मारतायत, शिवाय लग्नाच्या घोड्यांचा साजही ते शिवतात. चाचांनी तीन पायांना नाल ठोकले. चौथ्यासाठी ते खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले. मला वाटलं कंबर धरली. ते सरळ झाले, हातोडी खाली ठेवली, तोंड पुसलं आणि हळूच म्हणाले, "अप्पा, इले गोम शे."

गोम म्हणजे केसांची उलटी रेघ, भोवऱ्याचा अशुभ भाऊ. आमच्या घोडीला ती पोटाखाली, खोगिराचा पट्टा बांधतात नेमकी तिथे होती, बोटभर लांब. मी वर्षभर खरारा केला, पण पोटाखाली वाकायचं धाडस पहिल्या लाथेनंतर कुणाला होणार? मी चाचांना विचारलं की या गोमेचं फळ काय. त्यांनी सांगायला फार आढेवेढे घेतले. मग म्हणाले की ते स्वतः असलं काही मानत नाहीत, पण घेणारे म्हणतात की अशी घोडी ज्याच्या दाराशी, त्याच्या घरात पैसा टिकत नाही.

सुनंदा ओट्यावर लसूण सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "त्याले गोम कसाले लागस, चाचा? रोजना दोन किलो चना खास ती."

तरी मी यात्रेला गेलो. ठरवलं होतं ना! घोडी तेल लावून चमकवली, शेपटीला रंगीत गोंडे बांधले, आणि पोटाखाली थोडी काजळी चोळली. (हे मी आज पहिल्यांदा कबूल करतोय. घामानं काजळी उतरली आणि गोम आणखी ठळक झाली.) पहिला गिऱ्हाईक आला, देवमण बघून खूश झाला, दात बघितले, चालवून बघितली, मग खाली वाकला. सरळ झाला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला. घड्याळ बघून म्हणाला, येतो. दुसरा आला, वाकला, येतो म्हणाला. तिसरा म्हातारा होता, त्यानं वाकून बघितलं आणि घोडीला हात जोडले. मला नाही जोडले. चार दिवस मी वाकणारी माणसं बघत होतो. पाचव्या दिवशी मीच पिकअप ठरवली आणि भाडं देऊन घोडी घरी आणली.

हर्षदा दारातच वाट बघत होती. तिला सगळं आधीच कळलेलं. आमच्याकडे बातम्या पिकअपच्या आधी पोचतात. मी उतरल्या उतरल्या म्हणायला लागलो की लोक अडाणी आहेत, एकविसाव्या शतकात गोम बघतात, केसांच्या रेघेनं कुणाचं नशीब ठरतं का?

"अप्पा, गोम खोटी शे?" तिनं विचारलं.

"सपशेल खोटी."

"मंग देवमण?"

मी घोडीच्या शेपटीचे गोंडे सोडायला लागलो. तिनं परत विचारलं. मी घोडीला पाणी पाजायला गेलो. घरात वकील होत असला की असं होतं, आपल्याच पैशानं आपलीच उलटतपासणी. मला राग आला होता, पण खरं सांगतो, रागापेक्षा लाज जास्त वाटत होती. पोरगी आत जाऊन पुस्तक घेऊन बसली. तिनं रडारड केली असती, भांडली असती, तर बरं वाटलं असतं. ती नुसती अभ्यास करत होती, जणू फी भरलेलीच आहे.

ती बारावीत चांगले मार्क घेणार आणि प्रवेश परीक्षाही पास होणार, याची मला खात्री होती आणि आयुष्यात प्रथमच मला माझी खात्री नको वाटत होती. सुनंदा म्हणाली की दुधाचे पैसे आहेत, भिशी आहे, उरलेलं तिच्या वडिलांकडून आणू. मी म्हटलं नाही. सासऱ्यांनी ह्याच घोडीवरून मला सगळ्या भाऊबंदांत विचारलं होतं, "पाव्हना, बँकमा जागा नव्हती का?" त्यांच्याकडून घेण्यापेक्षा मी स्वतःला खोगीर घातलं असतं. घोडी भरेल म्हटलं होतं, घोडीच भरेल.

पण कशी, हे मला माहीत नव्हतं. ते सांगितलं यासीनचाचांनी. राहिलेला चौथा नाल ठोकायला ते आले होते. मी माझं रडगाणं सांगितलं. ते घोडीभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले की विकायची कशाला, लग्नसराई तोंडावर आहे, नवरदेवाची घोडी म्हणून चालवा. मी गोमेचं काय म्हणून विचारलं.

"अप्पा, नवरदेव कव्हय पोटखाले वाकीसन देखस का?"

चाचांनी साज उधार दिला. लाल मखमलीची झूल, आरशांची कलगी, चांदीच्या रंगाचा पट्टा. तो पट्टा बरोब्बर गोमेवर बसला. देवमण मात्र हाराच्या वर दिमाखात दिसायचा. वर्षभरात घोडी पहिल्यांदा कामाची वाटली. अडचण एकच होती, ती माझ्याशिवाय कुणाच्या हातानं एक पाऊल टाकत नव्हती. पैसे देऊन एक माणूस ठेवून बघितला, तर साजासकट ती त्याला ओढत परत माझ्याजवळ घेऊन आली. म्हणजे दोरी मलाच धरावी लागणार.

आता आमचं घराणं लग्नात पुढच्या रांगेत बसणारं, ज्याला टोपी-टॉवेल देऊन मानानं मांडवात नेतात ते. आणि मी बँडच्या पुढे, डीजेच्या मागे, हातात दोरी धरून चालायचं! पहिलं लग्न मी मुद्दाम लांबचं घेतलं, पार नवापूरकडचं. गॉगल लावला, तोंडाला उपरणं बांधलं. अर्ध्या तासात एक वऱ्हाडी नाचता नाचता थांबला, वाकून माझ्या उपरण्यात बघितलं आणि ओरडला, अरे, हा तर पपईवाला अप्पा! मी उपरणं सोडून टाकलं. उकडतही होतं.

पण एक गोष्ट मला तिथे कळली. नवरदेवावरून बहिणी, आत्या, मित्र नोटा ओवाळतात आणि त्या जातात वाजंत्र्याला आणि घोडीवाल्याला. भाडं वेगळं, ओवाळणी वेगळी. पहिली दहाची नोट माझ्या खिशात कुणी खोचली तेव्हा कानशिलं तापली. पन्नासावी खोचली तेव्हा मी खिसा जरा उघडाच ठेवला होता. पोरीच्या फीपुढे कसली आलीय लाज? घरी आलो की सगळं एका मोठ्या लोणच्याच्या बरणीत घालायचो. उन्हातून आल्यावर सुनंदा आता आधी मला पाणी द्यायला लागली आणि मग घोडीला. एवढी प्रगती झाली होती.

हर्षदा बारावी पास झाली, नाशिकच्या कॉलेजात नंबर लागला. फीचा पहिला हप्ता आणि होस्टेलचे पैसे भरायला मंगळवारपर्यंतची मुदत होती. बरणी रिकामी केली तर थोडे कमी पडत होते. एका चांगल्या लग्नाचे, आणि सीझनमधलं शेवटचं लग्न रविवारी होतं. तळोद्याला. सुनंदाच्या भावाच्या मुलाचं.

म्हणजे माझ्या सासरच्या घरचं. माझ्या मेव्हण्यानं, सुभाषनं, घोडी हक्कानं सांगितली होती, आणि सोयऱ्याकडून भाडं कसं मागणार? मागितलं असतं तर सुनंदा माहेरी गेली असती आणि तीही घोडीवरून. पण ओवाळणीला सोयरं-बियरं नसतं. दोरी ज्याच्या हातात, नोट त्याची. मी सुभाषला सांगून टाकलं की मानपान राहू दे, दोरी मीच धरणार. त्याला वाटलं, दाजींना भाच्याचं केवढं प्रेम.

वरात निघाली. माझे सगळे मेव्हणे, साडू, त्यांची पोरं यांना एकदम जोर आला. मला चिडवण्यासाठी दहा दहाच्या नोटा काढून नवरदेवावरून ओवाळायचे आणि "ल्या दाजी" म्हणून माझ्या सदऱ्यात खोचायचे. मी दात ओठ खाऊन घेत होतो. खिसे भरले, मग नोटा सदऱ्याच्या आत टाकल्या. मारुतीच्या मंदिरापर्यंत माझं पोट चांगलंच सुटलं. मनात म्हणत होतो, चिडवा लेको, आणखी चिडवा, मंगळवारपर्यंत चिडवा.

मांडवाच्या दाराशी नवरदेव उतरला आणि नेमकं माइकवर नाव पुकारलं. नवरदेवाच्या आत्याचे यजमान, ब्राह्मणपुरीचे अप्पा यांनी सत्कारासाठी मांडवात यावं. मी हातानं नाही नाही केलं. घोडी कुणाच्या हातात देणार? पण सासरे पुढच्या खुर्चीत बसले होते. ते म्हणाले की पहिला मान जावयाचा, त्याशिवाय दुसऱ्या कुणाला टोपी घालायची नाही. माइकवर परत नाव, परत नाव. मुहूर्त टळायला लागला. भटजी माझ्याकडे बघायला लागले. शेवटी मी एकच करू शकत होतो ते केलं. घोडीसकट मांडवात गेलो.

बायका उठून उभ्या राहिल्या. घोडीनं जाता जाता खांबावरचा झेंडूचा हार खाल्ला. तरी सगळं नीट पार पडलं असतं. सासऱ्यांनी मला टोपी घातली, टॉवेल दिला, मी वाकून पाया पडायला गेलो आणि बाहेर कुणीतरी आनंदानं सुतळी बॉम्ब लावला.

वाकलेला माणूस आणि मागे दचकलेली घोडी, पुढचं सांगायला नको. मी सासऱ्यांच्या खुर्चीवरून आहेराच्या टेबलावर गेलो. टेबल मोडलं, आहेर लिहिणाऱ्याची वही एकीकडे, पाकिटं दुसरीकडे, आणि माझ्या सदऱ्याची बटणं तुटून आतल्या सगळ्या नोटा मांडवभर उडाल्या. पंखे चालू होते. दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या नोटा बायकांच्या डोक्यावर, पंगतीच्या पत्रावळींवर, भटजींच्या पळी-पंचपात्रात.

मग हसण्याचा असा गडगडाट झाला की डीजेवाल्यानं आवाज बंद केला. मी मात्र हातापायांवर रांगत नोटा गोळा करत होतो. टोपी एका कानावर, जावयाचा मान मातीत. कुणीतरी ओरडलं, दाजी, राहू द्या, आहेराच्या असतील. तिथे माझं डोकं फिरलं. मी गुडघ्यांवरच ताठ झालो.

"आहेर नही. हाई मन्ही पोरनी फी शे," मी म्हणालो. "मंगळवारले भरनी शे. एक नोट जावू देवाव नही."

हसणं थांबलं. इतकं शांत झालं की घोडी झेंडू चावते तेही ऐकू येत होतं. मला वाटलं, झालं, होती नव्हती तेवढी इज्जत गेली. सासरे काठी टेकत उठले. ते आता काय बोलणार म्हणून मी खाली बघत होतो. ते सगळ्यांना म्हणाले की ज्याच्या पायाशी नोट पडली असेल त्यानं ती जावयाला आणून द्या. मग लोक यायला लागले. एकेकजण नोट आणून माझ्या टॉवेलात टाकत होता. पहिली काही दहाची आली, माझी होती, मी ओळखली. मग एक शंभराची आली. शंभराची तर मला कुणी ओवाळलीच नव्हती. मग पाचशेची. मी म्हणालो ही माझी नाही, तर टाकणारा साडू म्हणाला, तुमच्याच टेबलाखाली सापडली. मला राग आला, मला सोयऱ्यांची भीक नको, असं काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं.

तेवढ्यात सुनंदा बायकांतून पुढे आली. हातात आरतीचं ताट, ती नवरदेवाची आत्या, ओवाळायचा मान तिचाच होता. तिनं कमरेच्या पिशवीतून घडी केलेल्या नोटा काढल्या, दुधाच्या पैशाच्या, मी ज्यांना हात लावणार नव्हतो त्या. नवरदेवावरून तीनदा ओवाळल्या आणि माझ्या समोर धरल्या.

"हाई ओवाळनी शे, उसनं नही," ती म्हणाली. "दोरी तुम्हना हातमा शे ना? ल्या मंग."

मी दोरीकडे बघितलं. खरंच हातातच होती, इतक्या गोंधळात सोडली नव्हती. मग मी घेतल्या. डोळे भरून आले, पण ते लाथेमुळेच, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

सोमवारी नाशिकला जाऊन फी भरली. मी गाडीत सीटवर बसू शकत नव्हतो, धुळ्यापर्यंत उभा, पुढेही उभाच. कॉलेजात होस्टेलचा अर्ज भरायचा होता. हर्षदा टेबलाशी बसून लिहीत होती, मी मागे उभा राहून वाचत होतो. 'कुटुंबातील कमावती व्यक्ती' असं छापलं होतं, त्यापुढे तिनं सुनंदाचं नाव लिहिलं, दूध व्यवसाय. ठीक आहे म्हटलं. खाली 'अवलंबून असलेल्या व्यक्ती' होतं. त्यापुढे तिनं पेन्सिलीनं दोन लिहिलं.

"दोन कोन? तू नी कोन?"

"मी कशी, अप्पा? मी अर्जदार शे. एक एफडी, नी एक तुम्ही."

मी म्हटलं, मस्करी पुरे, ते खोड आणि निदान मला तरी वर कमावत्यांत घे. ती म्हणाली की तसं नियमात बसत नाही, वर घ्यायचंच तर आधी एफडीला घ्यावं लागेल, ती लग्नसराईचे चार महिने तरी कमावते. अर्जाच्या शेवटी पालकाची सही लागत होती. ती मात्र मलाच करावी लागली, घोडीला लिहिता येत नाही.